भोंगा घ्यावा की बॉक्स? घरच्या स्पीकरचा हिशेब

पैठणीचा रंग ट्यूबलाइटखाली पाहून ठरवू नये, साडी दारापाशी उजेडात नेऊन पाहावी, हे आम्ही तीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आलो. स्वतः स्पीकर घेताना मात्र नेमके हेच विसरलो, आणि ती चूक दोन चांगल्या पैठण्यांच्या नफ्याइतकी महाग पडली. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत कव्वाली-गझलेचे शौकीन कमी नाहीत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

हकीकत अशी. एका बंद पडलेल्या टॉकीजचे दोन स्पीकर भंगारवाल्याकडे आल्याचे कळले. खाली लाकडाचे मोठे खोके, वर भोंगा. माल दुकानात उतरवला आणि रात्री शटर अर्धे ओढून लावून पाहिला. सुभानअल्ला! टाळीचा कडाका, हार्मोनियमचा भाता, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा समोर उभा. तिथेच पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून घरी नेले. खोली दहा बाय बाराची, खाली फरशी, भिंती उघड्या. तीच कव्वाली कानाला टोचू लागली. आतून विचारणा झाली, "घरात सभा भरवली आहे का?"

दोष मालाचा नव्हता. दुकानात तिन्ही भिंतींना कापडाचे ताके लागलेले, आणि कापड आवाज पिते. फरशी आणि उघडी भिंत तोच आवाज परत फेकते. उभी हयात कापडात गेली, पण हे लक्षात आले नाही! शिवाय दुकानात आम्ही वीस फुटांवर बसलो होतो, घरी जेमतेम सहा फुटांवर. वरचा भोंगा आणि खालचे खोके यांचे आवाज एकजीव व्हायला अंतर लागते. जवळ बसले की गळा एकीकडून आणि ठेका दुसरीकडून येतो.

भोंग्याचा गुण कशात आहे, तेही पाहू. स्पीकरचा पडदा हलतो, पण हवा इतकी हलकी की त्याचा बराचसा जोर वाया जातो. अरुंद गळ्यापासून हळूहळू रुंद होत जाणारा भोंगा हा जोर हवेच्या अंगी लावतो. स्पीकरच्या कागदावर 1 वॅटला 1 मीटरवर किती डेसिबल, असा आकडा असतो. घरगुती बॉक्सचा तो साधारण 85 ते 90 असतो, मोठ्या भोंग्याचा 100 च्या वर जातो. दर 10 डेसिबलला दहापट वीज लागते. म्हणजे 87 चा बॉक्स आणि 104 चा भोंगा घेतला, तर भोंगा 1 वॅटवर जेवढा वाजेल तेवढे वाजायला बॉक्सला 50 वॅट हवेत. बोलपट आले तेव्हा अँप्लिफायर थोड्याच वॅटचे होते. अख्खे थिएटर भरायचे तर भोंग्यावाचून इलाज नव्हता. पडद्याला थोडेच हलावे लागते, म्हणून आवाज फाटतही कमी.

अडचण आहे ती खर्जाची. 40 हर्ट्झच्या खर्जाची लहर साडेआठ मीटर लांब. ती नीट बाहेर पडायची तर भोंग्याच्या तोंडाचा घेरही सुमारे तेवढा हवा, म्हणजे तोंड नऊ फूट रुंद! येवल्याच्या कोणत्या घरात ते बसेल? अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी 1946 च्या सुमारास यावर तोड काढली. भोंगा आत दुमडला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात बसवली, म्हणजे दोन भिंती आणि जमीन हाच पुढचा भोंगा झाला. क्लिप्शहॉर्न नावाने ती आजही बनते. पण तिला दोन मोकळे कोपरे लागतात. आमच्या घरी एका कोपऱ्यात कपाट, दुसऱ्यात दरवाजा.

बॉक्सवाल्यांनी उलटा रस्ता धरला. अमेरिकेतच एडगर विल्चर यांनी 1954 साली एआर-1 हा स्पीकर आणला. पेटी हवाबंद करून आत कोंडलेल्या हवेलाच त्यांनी स्प्रिंग बनवले. लहान पेटीतून खोल खर्ज निघू लागला. त्याची किंमत विजेत मोजावी लागली, अशी पेटी वॅट खाते. पूर्वी वॅट महाग होते, आता छोट्याशा अँप्लिफायरमधून पन्नास वॅट सहज मिळतात. त्यामुळे भोंग्याच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा घरापुरता तरी ढिला पडला आहे. मोठा दिवाणखाना असेल, जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल, तर भोंग्याची मजा बॉक्समध्ये नाही, हे आम्ही आजही म्हणू. लहान खोलीत बॉक्सच बरा. आणखी एक, भोंगा अँप्लिफायरची सळसळही तितक्याच इमानदारीने ऐकवतो. रात्री हळू आवाजात गझल लावली की ती जाणवते.

दुकानदार दोन्ही लावून दाखवील तेव्हा बटण एकाच जागी ठेवू देऊ नका. भोंगा मोठा वाजणारच, आणि मोठा तो गोड, असे कान फसतात. दोघांचा आवाज सारखा करून घ्या, मग ऐका. रोजच्या ऐकण्यातली चीज सोबत न्या. दहा मिनिटांत भपका कळतो. कान थकतात की नाही, ते कळायला दोन तास लागतात.

आमचे भोंगे आता दुकानातच आहेत, ताक्यांच्या सोबतीला. घरी दोन मध्यम बॉक्स भिंतीपासून हातभर पुढे ठेवले आणि फरशीवर सतरंजी टाकली. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका विणकराने सल्ला विचारला. त्याचा माग राहत्या खोलीतच, दिवसभर फणीचा ठोका चालू, आणि त्यावर गाणे हवे. आम्ही नाव कोणतेच सांगितले नाही. माल दोन दिवस घरी ठेवू देईल तोच दुकानदार गाठ, एवढेच म्हटले. त्याने दोन जोड्या आणल्या, मागावर बसून ऐकल्या आणि स्वस्तातली ठेवून महागडी परत केली.