मंदी, बोनस आणि पोपटी

धरमतर खाडीकाठी डोलवीला पोलाद, तिकडे रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत रसायनं. माल उठेनासा झाला की पहिली कात्री वर्षअखेरच्या जेवणावर चालते, आणि नाक्यावरच्या चहाबरोबर ठरावीक समज फिरू लागतात.

‘यंदा तोटा आहे, बोनस नाही, जेवण मात्र घालू.’ यातला पहिला अर्धा भाग साफ चुकीचा. 1965 च्या कायद्याने किमान बोनस (तेव्हा 4 टक्के, आता 8.33 टक्के) तोट्याच्या वर्षीही बंधनकारक केला. मालक न्यायालयात गेले. 1966 मध्ये जालान ट्रेडिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. नव्या कारखान्याला सुरुवातीच्या वर्षांत सूट मिळते. कामगारासाठी पगाराची मर्यादा आणि वर्षात किमान 30 दिवस काम, या अटी आहेत. ठेकेदाराकडचा कामगार अटीत बसला तर त्यालाही हक्क आहे. मटणाच्या ताटाचे पैसे त्यातून वळते करता येत नाहीत.

दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी एक कथा उगवते: इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्याचा केला, एक पगार बुडाला, म्हणून 1940 मध्ये बोनस आला. पण मुंबईच्या गिरण्यांत 1924 च्या सुरुवातीलाच बोनसवरून मोठा संप झाला होता! पहिल्या महायुद्धाच्या तेजीत सुरू झालेला बोनस नफा घसरताच मालकांनी थांबवला, आणि चौकशी समितीने तो कामगारांचा कायदेशीर हक्क नाही, असं म्हटलं. ‘बोनस म्हणजे शेठची खुशी’ हे तेव्हा खरं होतं. आज नाही.

मग जेवण कशाला? ‘त्याने उत्पादन वाढतं’ असं एचआरवाले सांगतात. एका जेवणाने तसलं काही होत नसतं. मंदीत ओव्हरटाइम बंद होतो, ठेकेदाराची माणसं कमी होतात आणि कोणी धड काही सांगत नाही. अशा वेळी साहेब पंगतीत बसून ऑर्डरींची खरी स्थिती सांगत असेल, तर जेवण वसूल. तेच जेवण न सांगता रद्द झालं की ‘कंपनी विकायला काढली’ इथवर बातमी पोचते.

आणि पार्टी म्हणजे अलिबागचा रिसॉर्ट, हे कोणी ठरवलं? पेण-रोह्यात हिवाळ्यात पोपटी असते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधे मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, बटाटे. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. तेल नाही, पाणीही नाही. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र वाजलं की झाली. शेंगा शेजारच्या शेतातल्याच, त्यामुळे खर्चाची सबब फारशी टिकत नाही.

फक्त आमंत्रण ऑफिसपुरतं नको. गेटवरचा वॉचमन, हाउसकीपिंगच्या बायका, लोडिंगची पोरं यांना वगळून केलेली पार्टी न केलेली बरी. शिफ्ट सांभाळून दोन संध्याकाळी ठेवावी, म्हणजे रात्रपाळीवाल्यांच्या वाट्याला थंडगार शेंगा येणार नाहीत.