सोळा महाकाय, एक स्वार

कंट्रोलरवरचं आर-वन बटण दाबून धरलं की नायक वाँडर हाताला लागेल ते घट्ट पकडतो. बोट उचललं की पकड सुटते. ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ या व्हिडिओगेममधली निम्मी लढाई या एका बोटावर चालते. पडद्याच्या कोपऱ्यातलं गुलाबी वर्तुळ आकसत जातं, म्हणजे मुठीतला जोर संपत आलाय. ज्याच्या पाठीवर आपण चढलो तो डोंगराएवढा प्राणी अंग झाडतो आणि वाँडर त्याच्या केसांना लोंबकळत चिंधीसारखा फडफडतो. अशा वेळी माझंही बोट दुखेपर्यंत आवळलेलं असतं.

या गेमचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांच्या आधीच्या ‘इको’ (२००१) या गेममध्ये हेच बटण एका मुलीचा हात धरण्यासाठी होतं. शिंगं असलेला मुलगा तिला हाताला धरून किल्ल्याबाहेर काढतो, एवढीच ती कथा. पुढचा गेम, म्हणजे हा, ऑक्टोबर २००५मध्ये प्लेस्टेशन २वर आला आणि त्याच बोटाला वेगळं काम मिळालं.

गोष्ट थोडक्यात अशी. वाँडर एका मृत मुलीला घोड्यावर घालून निषिद्ध प्रदेशात येतो. मंदिरात घुमणारा आवाज त्याला सांगतो, की या भूमीतले सोळा महाकाय मारलेस तर ती कदाचित जिवंत होईल, पण किंमत जबर असेल. वाँडरला किमतीची पर्वा नाही. त्याच्याकडे एक तलवार, एक धनुष्य आणि अ‍ॅग्रो नावाचा घोडा.

एरवी अशा गेममध्ये गावं असतात, दुकानं असतात, वाटेत किरकोळ शत्रू असतात. इथे काहीच नाही. उन्हात तलवार उंच धरायची, तिच्यावरून परावर्तित झालेले किरण ज्या दिशेला एकवटतील तिकडे घोडा घालायचा. सावलीत ही युक्ती चालत नाही. वाटेत पडके पूल, गवताळ माळ, एखादा सरडा, झाडावरची फळं. या वाटचालीत संगीतही नसतं. वारा आणि टापा, बस्स. अ‍ॅग्रो सांगताक्षणी वळत नाही, कडा दिसला की आपणहून थबकतो. उएदांना त्याला बटणाच्या तालावर नाचणारं वाहन करायचंच नव्हतं, आणि म्हणूनच त्या ओसाडीत त्याची सोबत खरी वाटते.

उएदांच्या डोक्यात सुरुवातीला अठ्ठेचाळीस महाकाय होते. ते चोवीसवर आले, शेवटी सोळा उरले. जेमतेम ३२ मेगाबाइट मेमरीच्या यंत्रावर हलता-डुलता प्राणी हीच चढायची जमीन करायची, म्हणजे एकेका प्राण्यामागे केवढी मेहनत! मला मात्र दुसरी काटछाट जास्त महत्त्वाची वाटते. ‘निको’ नावाने बनलेल्या प्राथमिक नमुन्यात मुखवटे घातलेले अनेक स्वार मिळून एका महाकायाला पाडतात. अनेकांनी ऑनलाइन एकत्र खेळावं असा तेव्हाचा विचार होता. तो बारगळला आणि स्वार एकच उरला. टोळीने केलेल्या शिकारीत शेवटचा घाव कोणाचा हे विचारावं लागत नाही. इथे तो नेहमी माझाच असतो.

आणि तो घाव विजयाचा वाटू नये याची पुरती काळजी घेतली आहे. चढाईच्या वेळी को ओतानी यांचं संगीत उसळत असतं. प्राणी कोसळू लागला की ते शोकगीताकडे वळतं. कलेवरातून काळे धागे निघून वाँडरच्या अंगात घुसतात. एकेका वधानंतर त्याची कांती फिकट पडत जाते.

२०१८मध्ये ब्लूपॉइंट गेम्सने प्लेस्टेशन ४साठी हा गेम नव्याने घडवला. गवताचं पातं न् पातं आता वेगळं दिसतं. मी तो पुन्हा खेळायला घेतला आणि तेराव्यापाशी पुन्हा अडखळलो.

तेरावा वाळवंटात राहतो. लांबलचक देहाचा, वाळूतून उसळून आभाळात तरंगणारा. तो हल्ला करत नाही. एकदाही नाही. पोटाखालच्या तीन हवेच्या पिशव्यांवर बाण मारले की तो खाली येतो आणि त्याचे पंख वाळूत रेघा ओढत जातात. मग अ‍ॅग्रोला भरधाव शेजारी न्यायचं, उडी मारून पंख धरायचा, पाठीवर चढून तलवार खुपसायची. तो अंग झाडतो, पुन्हा वाळूत शिरतो. मी बराच वेळ बाण न मारता त्याच्या सावलीतून घोडा दौडवत राहिलो. पण गेम पुढे सरकायला दुसरा मार्ग नाही.

तेरावा कोसळल्यावर बेशुद्ध झालेला वाँडर मंदिरात शुद्धीवर येण्याआधी त्याच्याभोवती माणसांच्या आकाराच्या तेरा सावल्या उभ्या असतात.