वाट आणि वहिवाट

जमिनीवर दिसणारी वाट आणि त्या वाटेने चालण्याचा कायदेशीर हक्क या दोन वेगळ्या गोष्टी असून, स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या स्वयंसेवकांच्या सामायिक नकाशात त्या वेगवेगळ्याच नोंदवल्या जातात. रस्त्याचा प्रकार एका टॅगने, म्हणजे नकाशातील रेघेला जोडलेल्या गुणधर्माच्या नोंदीने, कळतो आणि पायी जाण्याची मुभा ‘फूट’ या दुसऱ्या टॅगने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या ‘मोटरवे’ प्रकारच्या रस्त्यावर पादचाऱ्यांना असलेली मनाई त्या प्रकारातच गृहीत धरलेली असते.

इंग्लंड आणि वेल्समधील पायवाटांचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा, आणि म्हणूनच अधिक रंजक आहे. 1949 च्या कायद्यानुसार तेथील स्थानिक प्रशासनांना ‘डेफिनिटिव्ह मॅप’ हा सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करावा लागला. त्यात दाखवलेली वाट हा हक्काचा निर्णायक पुरावा ठरते, परंतु वाट त्यात नाही म्हणून हक्कही नाही असे होत नाही, कारण लोकांनी 20 वर्षे उघडपणे, अखंड आणि परवानगी न घेता केलेल्या वापरातूनही तो सिद्ध होऊ शकतो. याउलट जमीनमालकाच्या मर्जीने खुली असलेली वाट तो कधीही बंद करू शकतो, आणि असा हक्क निर्माण होऊ नये म्हणून काही मालक तिचे फाटक वर्षातून एक दिवस मुद्दाम बंद ठेवतात. चिखलातील पाऊलखुणा दोन्ही वाटांवर सारख्याच दिसतात. नकाशात मात्र पहिलीला ‘डेझिग्नेटेड’ आणि दुसरीला ‘परमिसिव्ह’ अशी नोंद मिळते.

सर्वांत घातक चूक सद्हेतूनेच होते. भरधाव वाहनांचा, पदपथ नसलेला दुपदरी रस्ता पाहून एखादा स्वयंसेवक ‘फूट’पुढे ‘नो’ लिहितो. वास्तविक इंग्लंडमध्ये मोटरवे नसलेल्या रस्त्यावर, स्वतंत्र मनाई आदेश नसेल तर, चालणे सामान्यतः कायदेशीर असते. त्या एका शब्दामुळे मार्ग शोधणारी संगणकप्रणाली तो रस्ता पूर्णपणे वगळते आणि त्याने जोडलेल्या दोन पायवाटा परस्परांपासून तुटतात. धोका नोंदवणे आवश्यकच आहे, पण त्यासाठी पदपथाचा अभाव, वेगमर्यादा आणि मार्गिकांची संख्या यांचे स्वतंत्र टॅग उपलब्ध आहेत, आणि ते भरले असतील तर त्या रस्त्याने जावे की वळसा घ्यावा हे चालणाऱ्याला स्वतः ठरवता येते.