मुगुगाच्या लसीची पन्नास वर्षं

नैरोबीजवळच्या मुगुगा इथल्या पशुवैद्यकीय संशोधन केंद्रातून १९७५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रॅडली, ब्राउन, कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईबैलांना थायलेरिया पार्व्हा या परजीवीचे तीन वाण जिवंतच टोचले, जोडीला टेट्रासायक्लिन गटातलं प्रतिजैविक दिलं, आणि ही जनावरं पुढे इतर वाणांच्या हल्ल्यातूनही तगली. पूर्व आफ्रिकेत या परजीवीमुळे होणाऱ्या ईस्ट कोस्ट फीव्हरवर आज सर्वांत जास्त वापरली जाणारी लस हीच आहे. ती कशी उभी राहिली, कुठे तोकडी पडली आणि तिने काय शिकवलं, हे आपणही समजून घ्यायला हवं. कारण या परजीवीचा सख्खा भाऊ आपल्या गोठ्यांत आहे.

रोगाची नोंदलेली हकिकत सुरू होते ती बुळकांडीच्या साथीनंतर. १८९६-९७ मध्ये बुळकांडीने दक्षिण आफ्रिकेतले कळपच्या कळप संपवले. रिकामे गोठे भरण्यासाठी पूर्व किनाऱ्यावरून जनावरं बोटीने आणली गेली, आणि १९०२ च्या सुमारास तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, गुरं पटापट मरू लागली. सरकारने १९०३ मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख यांना बुलावायोला बोलावलं. बऱ्या झालेल्या जनावराचं रक्त पुन्हा पुन्हा टोचून प्रतिकारशक्ती आणण्याचा त्यांचा उपाय साफ फसला. केप वसाहतीतले कीटकतज्ज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी रोगाचा वाहक शोधून काढला. गुरांच्या कानात डसणारी तपकिरी गोचीड हा रोग पसरवत होती. प्रिटोरियातले पशुवैद्यक अर्नॉल्ड थायलर यांनी हा परजीवी इतरांपासून वेगळा ओळखला. पुढे परजीवींच्या या कुळाला त्यांचंच नाव मिळालं.

कॉख यांचा उपाय का फसला, याचं उत्तर परजीवीच्या वागण्यात आहे. गोचिडीच्या लाळेतून तो शिरतो तो थेट पांढऱ्या पेशींत, आणि या पेशींना बेसुमार वाढायला लावतो. पेशी दुभंगली की सोबत परजीवीही दुभंगतो, कर्करोगाच्या गाठीसारखी ही वाढ चालू राहते. फरक एवढाच, की औषधाने परजीवी मेला तर पेशीची ही बेफाम वाढ थांबते. तांबड्या पेशींतलं त्याचं रूप नंतरचं. खरी लढाई पांढऱ्या पेशींत असते, त्यामुळे बऱ्या झालेल्या जनावराचं रक्त टोचून काही साधत नाही. गुराख्याला दिसतं ते असं : आधी कानाखालची गाठ सुजते, मग सडकून ताप चढतो, जनावर चारा सोडतं, धाप लागते. शेवटी फुप्फुसांत पाणी भरून नाकातोंडातून फेस येतो. रोग लागल्यापासून तीन-चार आठवड्यांत खेळ आटोपतो.

दक्षिण आफ्रिकेने रोगाशी लढा दिला तो गोचीडनाशकाचे हौद, कुंपणं आणि जनावरांची कत्तल या तिहेरी मार्गाने, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो हुसकावून लावला. त्यासाठी अर्धशतक कडक सरकारी अंमल लागला. केनिया, टांझानिया, युगांडात तसं घडणं शक्य नव्हतं. तिथे मसाई पशुपालकांचे कळप मोकळ्या कुरणांत फिरतात, त्याच कुरणांत रानम्हशीही चरतात. रानम्हशींच्या अंगात हा परजीवी निवांत राहतो, त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. तिथे लसच हवी होती.

टेट्रासायक्लिन गटातलं औषध वेळेवर दिलं तर रोगाची धार बोथट होते, हे दक्षिण आफ्रिकेत संशोधक नाइट्झ यांनी १९५० च्या दशकात दाखवलं होतं. त्यावरून मुगुगातली युक्ती निघाली : रोग द्यायचा आणि त्याच वेळी त्याला आवरही घालायचा. पण एक अडचण वारंवार समोर आली. एका वाणाने तयार झालेलं जनावर दुसऱ्या वाणापुढे आडवं व्हायचं. म्हणून तीन वाण एकत्र केले : मुगुगा, कियांबू-५ आणि सेरेंगेटी. परजीवीच्या विविधतेला दिलेलं हे पहिलं व्यवहारी उत्तर. त्या वेळी त्याचा डीएनए वाचण्याची सोय नव्हती. कुठलं जनावर जगलं आणि कुठलं मेलं, एवढाच पुरावा हाताशी होता.

ही लस बनते कशी, ते पाहण्यासारखं आहे. आजारी केलेल्या वासरावर गोचिडीची पिल्लं रक्त पितात, गळून पडतात, कात टाकून प्रौढ होतात. मग या प्रौढ गोचिडींना सशांच्या कानांवर सुमारे चार दिवस चिकटवून ठेवतात, कारण रक्त प्यायला लागल्यावरच त्यांच्या लाळग्रंथींत परजीवी पक्व होतो. त्यानंतर गोचिडी दळून, गाळून तो अर्क द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात. टोचणीच्या दिवशी नायट्रोजनचं जड भांडं गावात येतं. अर्क पातळ केला की काही तासांत संपवावा लागतो. एका नळीत तीस-चाळीस जनावरांचे डोस असतात, त्यामुळे तेवढी गुरं एका जागी जमायला हवीत. एक सुई कानाखालच्या गाठीजवळ, दुसरी मांसल भागात, दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची. औषधाचं माप जनावराच्या वजनावर ठरतं आणि त्यात कसूर झाली तर लसच रोग ठरू शकते. शेवटी कानात बिल्ला. उत्तर टांझानियाच्या बाजारात बिल्ला असलेल्या जनावराला चढा भाव मिळू लागला, आणि सरकारी प्रचारापेक्षा या भावानेच मसाईंना लसीकडे वळवलं.

मधला काळ मात्र खडतर होता. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला आणि मुगुगा केंद्राचा प्रादेशिक आधार गेला. जिवंत परजीवी टोचणं अनेक तज्ज्ञांना पटत नव्हतं. नैरोबीत १९७३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळेने परजीवीच्या एखाद्या प्रथिनापासून स्वच्छ, साठवायला सोपी लस करायचा ध्यास घेतला. पी-६७ नावाच्या प्रथिनाने आशा दाखवली, मैदानी चाचण्याही झाल्या, पण संरक्षण अर्धवटच मिळालं. दळलेल्या गोचिडींच्या लसीची जागा अजून कुणी घेतलेली नाही. म्हणूनच त्या प्रयोगशाळेची वारसदार असलेल्या इल्री संस्थेने १९९० च्या दशकात आणि पुन्हा २००८ मध्ये हीच जुनी लस मोठ्या प्रमाणावर बनवून दिली. पुढे हे काम मलावीतल्या लिलाँग्वेच्या केंद्राकडे गेलं.

२००५ मध्ये थायलेरिया पार्व्हाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला : चार गुणसूत्रं, सुमारे चार हजार जनुकं. त्याआधीपासून जनुकीय खुणांवर काम चालू होतं. त्यातून दिसलं की एकाच गाईत अनेक वाण सुखाने नांदतात आणि गोचिडीच्या पोटात त्यांचं मीलन होऊन नवी जुळणी तयार होते. म्हणजे गोचीड हा नुसता वाहक नाही, नवे वाण घडतात ते तिच्या पोटातच. २०१५ मध्ये लसीतल्या तीन वाणांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा मुगुगा आणि सेरेंगेटी जवळपास एकसारखे निघाले. वेगळा होता तो कियांबू-५. तीन म्हणून दिलेल्या लसीत खरी विविधता दोनाचीच होती, आणि तरीही तिने असंख्य वासरं वाचवली. याचा अर्थ गाईगाईंत फिरणारे वाण एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळचे आहेत. रानम्हशींतले परजीवी मात्र कितीतरी अधिक विविध आहेत. जिथे गुरं आणि रानम्हशी एकत्र चरतात, तिथे लस टोचलेली जनावरंही दगावतात. झांबियाने तर बाहेरचे वाण आपल्या रानात शिरू नयेत म्हणून कटेटे आणि चिटोंगो हे स्वतःचेच वाण लसीसाठी निवडले. टोचलेला परजीवी जनावराच्या अंगात टिकतो आणि गोचिडीमार्फत पुढे जातो, हे पाहता ही खबरदारी रास्तच होती.

आपल्याकडचा गोचीड ताप थायलेरिया ॲन्युलाटामुळे होतो. देशी गाय तो बराचसा सोसते. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला 'बाएफ' ही पशुसंवर्धन संस्था स्थापन केली, पुढे संकरित गाई वाढल्या, दूध वाढलं, आणि या तापाचा फटकाही वाढला. हा परजीवी प्रयोगशाळेत पेशींसकट वाढवून सौम्य करता येतो. तशी लस भारतात 'रक्षाव्हॅक-टी' नावाने आली. तिलाही द्रव नायट्रोजनच लागतो. म्हणून शेतकऱ्याची भिस्त राहिली ती बुपार्व्हाक्वोन या औषधाच्या महागड्या इंजेक्शनवर. ट्युनिशिया, सुदान, इराणमध्ये या औषधाला न जुमानणारे परजीवी सापडले आहेत. विविधता केवळ लसीला हुलकावणी देत नाही, औषधालाही देते.

पन्नास वर्षांच्या या प्रवासातून मला एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. लस तयार झाली की काम संपलं, असं या रोगांबाबत कधीच होत नाही. तीच लस एका कुरणात टिकते आणि शेजारच्या कुरणात हरते, कारण तिथला परजीवी वेगळा असतो. म्हणून टोचणीच्या मोहिमेतच नजर ठेवण्याचं काम बसवायला हवं. लस घेतलेली गाय आजारी पडली किंवा इंजेक्शन देऊनही ताप हटला नाही, तर तिचं रक्त तालुक्याच्या दवाखान्यातून प्रयोगशाळेत गेलं पाहिजे, आणि तिथला वाण ओळखून त्याचं उत्तर परत दवाखान्यात आलं पाहिजे. मुगुगाच्या माणसांनी जगलेली-मेलेली जनावरं मोजत जे शोधलं, ते आज रक्ताच्या काही थेंबांत वाचता येतं. एका संकरित गाईवर ज्या घराचा महिन्याचा खर्च चालतो, त्या घरासाठी सरकारने आणि दूध संघांनी मिळून या तपासणीचा खर्च उचललाच पाहिजे.