कॅमेरा आणि लेन्स यांची बोलणी



आपल्या या भागाला कॅमेऱ्याचे कौतुक नवीन नाही. बाबूराव पेंटर यांनी खाली कोल्हापुरात चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढे आणला. आपल्यापुढे कोणते भिंग बसवले आहे, याची त्या काळच्या कॅमेऱ्याला वार्ताही नसे. ते सारे ज्ञान हँडल फिरवणाऱ्याच्या डोक्यात आणि बोटांत असे. आज तीन दरवाजापाशी उभा असलेला तरुण लेन्स बदलतो, ‘टक्’ असा आवाज होतो आणि कॅमेऱ्याला सारे समजते. हे समजते कसे, आणि या समजण्यावर मालकी कोणाची, हे आजचे दोन प्रश्न आहेत.

लेन्स ज्या धातूच्या कड्यात अडकते त्याला माउंट म्हणतात. या कड्यापासून प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते: निकॉनच्या एफ माउंटला ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफला ४४. हा झाला शरीराचा मेळ. बोलण्याचा मेळ त्यापुढचा.

पूर्वी ही बोलणी खटक्यांनी व दांड्यांनी होत. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. त्याच्या मीटर असलेल्या काही कॅमेऱ्यांत लेन्स बसवल्यावर छिद्राचे कडे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवावे लागे. तेव्हा लेन्स जास्तीत जास्त किती उघडते ते कॅमेऱ्याला कळे. १९७७ साली कड्यावरच एक उंचवटा आला आणि तो खटाटोप वाचला. १९८७ साली कॅननने ईएफ माउंटमधून दांडे काढूनच टाकले. उरले ते विजेचे सोनेरी ठिपके.

गिरणीच्या फाटकावर नवा माणूस आला की टाइमकीपर विचारतो: नाव काय, खाते कोणते, काम काय येते? येथेही तेच. कॅमेरा त्या ठिपक्यांतून लेन्सला वीज देतो आणि प्रश्न पाठवतो. लेन्सच्या पोटातली चिप उत्तर देते: माझा क्रमांक अमुक, फोकल लांबी इतकी, छिद्र इतके उघडते. झूम फिरवला की नवा आकडा कळवते.

या उत्तरांवर कॅमेरा आपले वागणे बदलतो. फोकसच्या मोटरला किती फिरायचे ते सांगतो, छिद्र लहानमोठे करवतो. सरळ बुरूज कडेला वाकडा दिसत असेल किंवा कोपरे काळवंडत असतील, तर त्या लेन्सच्या दोषांचा तक्ता पाहून चित्र सुधारतो. हाताच्या थरथरीचेच पाहा. कॅमेरा एक अंश हलला, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने चित्र सुमारे ०.९ मिलिमीटर सरकते, २०० मिलिमीटरच्या लेन्सने साडेतीन. सेन्सर हलवून थरथर सावरणाऱ्या कॅमेऱ्याला लांबीच ठाऊक नसेल, तर तो सावरणार किती? म्हणून चिप नसलेली जुनी लेन्स लावली की हा आकडा हाताने भरावा लागतो.

आता दुसरा प्रश्न. ही भाषा बहुधा कंपनीच्या मालकीची असते. १९८७ मध्ये कॅननने माउंट बदलला, तेव्हा आधीच्या एफडी लेन्स नव्या बॉडीला सरळ लागेनात. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याची लेन्स म्हणजे सुताराचा रंधा. पुष्कळदा कर्ज काढून घेतलेला. इतर कारखानदारांनी ही भाषा उलगडून स्वस्त लेन्स केल्या, पण नव्या बॉडीपुढे त्यांतल्या काही मुक्या झाल्या आणि त्यांचे फर्मवेअर बदलून घ्यावे लागले.

दुसरी वाटही आहे. २००८ साली ऑलिंपस व पॅनासॉनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्स हा सामाईक माउंट काढला. २०११ साली सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना खुली केली. २०१८ साली लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा एल माउंटवर एकत्र आले. त्याच वर्षी कॅनन व निकॉन यांनी नवे माउंट आणले, पण जुन्या लेन्ससाठी अॅडॉप्टरही दिले. स्पर्धक एका भाषेवर येऊ शकतात, हे यावरून सिद्ध होते.

तेव्हा लेन्स घेताना काच किती स्वच्छ एवढेच पाहू नका. ती आपल्या बॉडीशी पुरती बोलते का, उद्या बॉडी बदलली तर बोलेल का, हे दुकानदाराला विचारा. पावसाळ्यात गडावरच्या धुक्यात ते सोनेरी ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसत जा. आणि करार वाचल्याशिवाय सही करू नये, हे मी कामगारांना आयुष्यभर सांगत आलो. हत्यार विकत घेणे हाही एक करारच आहे.