आधी श्वास, मग छातीवर दाब

देवबागच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची, घरांची चिंचोळी पट्टी. ही पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते, आणि पर्यटकांची सर्वाधिक गर्दीही तिथेच होते. संगम, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या, पॅरासेलिंग, सगळे त्याच परिसरात. मालवणचे ग्रामीण रुग्णालय दहा-बारा किलोमीटरवर आणि तिकडे जाणारा रस्ता अरुंद. मे महिन्यात किंवा नाताळच्या सुट्टीत त्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या की १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी वेळ लागणारच. श्वास बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला मात्र चार-पाच मिनिटांपलीकडे इजा होऊ लागते. म्हणजे इथे जीव वाचायचा असेल तर तो त्या क्षणी किनाऱ्यावर हजर असलेल्या माणसाच्या हातूनच.

हा माणूस बहुधा मच्छीमार असतो, नाहीतर होडी चालवणारा किंवा स्कुबाचा गाइड. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ८ विद्यार्थी बुडाले, तेव्हा इतरांना बाहेर काढायला धावले ते स्थानिकच. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, त्या वेळीही मदत आधी आली ती आजूबाजूच्या होड्यांची. देशभरात बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद दरवर्षी तीस हजारांच्या वर जाते. विहिरी, तळी, नद्या सगळे त्यात आले.

समुद्राची जाण या मंडळींना उपजत असते. भरती-सुकतीचे वेळापत्रक, अमावस्या-पौर्णिमेचे उधाण, सुकतीला नदीचे पाणी मुखाशी किती ओढीने बाहेर पडते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे मदत पथकात स्वयंसेवक म्हणून नाव घालताना त्यांना वाटते, पोहायला येते, आणखी काय हवे? खरे शिकण्यासारखे नेमके तिथूनच सुरू होते.

पहिली गोष्ट, बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात तो हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ म्हणतो. प्रत्यक्षात तोंड पाण्यावर येते तेवढ्या क्षणात त्याला कसाबसा श्वास घेता येतो, ओरडायला हवा उरत नाही. हात दोन्ही बाजूंना पसरून तो पाणी खाली दाबत राहतो, मान मागे कलते, शरीर उभेच राहते आणि पुढे काही सरकत नाही. लांबून बघणाऱ्याला तो मजेत डुंबतोय असेच वाटते. ही अवस्था फार तर मिनिटभर टिकते. म्हणून पाण्याकडे पाहण्याची सवय हे स्वयंसेवकाचे पहिले काम. आरडाओरडा करणाऱ्या घोळक्यातला अचानक गप्प झालेला एकजण त्याला दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट पट्टीच्या पोहणाऱ्यांना पटायला जड जाते. उडी शेवटी मारायची. काठावरून बांबू किंवा ओढणी पुढे करता आली तर ती करावी, तरंगणारे काही फेकता आले तर ते फेकावे, होडी असेल तर होडीने जावे. यातले काहीच शक्य नसेल तरच पाण्यात शिरावे, आणि तेही हातात तरंगणारे काही घेऊनच. बुडणारा माणूस समोर येईल त्याला मिठी मारतो आणि त्याच्यावर चढू पाहतो. त्यात त्याचा दोष नसतो, मेंदू त्या क्षणी दुसरे काही सुचू देत नाही. वाचवायला गेलेले वडील, भाऊ, मित्र बुडाल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. आणि तरंगणाऱ्या वस्तूसाठी महागडे साहित्यच लागते असेही नाही. पाण्यात मोठ्या माणसाचे तोंड वर राहायला साधारण तीन ते पाच किलोचा उचल पुरतो. पाच लिटरचा रिकामा कॅन बूच घट्ट लावून फेकला तर जवळपास तेवढा उचल तो एकटाच देतो. त्याला दोरी बांधलेली असली की काम झाले. असा कॅन प्रत्येक होडीवर आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक टपरीत टांगलेला असावा. पथकाचे नाव छापलेल्या टी-शर्टपेक्षा तो जास्त उपयोगी आहे.

माणूस वाळूवर आल्यानंतर मात्र किनाऱ्यावर हमखास गोंधळ होतो. कोणी त्याला पालथे घालून पोट दाबतो, कोणी पाय धरून उलटे करतो. ही समजूत फक्त आपलीच नव्हे. ॲमस्टरडॅममध्ये १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. तोंडाने श्वास देण्याचा सल्ला तिने तेव्हाच दिला, पण त्याच्या जोडीला गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडायलाही सांगितले! धुराचा उपाय कधीच बाद झाला, पोट दाबणे अजून टिकून आहे. फुप्फुसात गेलेले पाणी बहुधा थोडेच असते आणि ते दाबून निघत नाही. पोटातले पाणी मात्र वर येते आणि उलटी श्वासनलिकेत जाते. शिवाय त्यात जाणारी ती दोन मिनिटे परत मिळत नाहीत.

हृदयविकाराने कोसळलेल्या माणसाच्या रक्तात थोडा तरी प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून तिथे नुसता छातीवर दाब दिला तरी काही काळ भागते. बुडालेल्याचे हृदय प्राणवायू संपल्यामुळेच थांबलेले असते. नुसता दाब दिला तर प्राणवायू नसलेले रक्तच फिरत राहणार. टीव्हीवर पाहून शिकलेल्यांची चूक इथेच होते. माणूस श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे. युरोपातली मार्गदर्शक तत्त्वे सुरुवातीला पाच सांगतात, अमेरिकेतली दोन. मग ३० दाब आणि २ श्वास, हेच चक्र. दाब छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाला किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. तोंडातून फेस येत राहतो. तो पुसत बसू नये. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे. उतारावर डोके पाण्याकडे करून झोपवू नये. लाटांच्या रेषेला समांतर, सपाट जागेवर ठेवावे.

शुद्धीवर आलेला पर्यटक ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि हॉटेलवर जायला निघतो. खोकला, धाप किंवा गुंगी असेल, श्वास द्यावा लागला असेल किंवा तो थोडा वेळ जरी बेशुद्ध झाला असेल, तर त्याला रुग्णालयात न्यायलाच हवे. पाण्याने फुप्फुसातला पातळ थर धुऊन निघतो, सूज येते आणि पुढच्या काही तासांत श्वास पुन्हा बिघडू शकतो. सहा ते आठ तास नजरेखाली ठेवण्याची पद्धत आहे ती यासाठीच. त्याला गाडीत बसवण्याचा आग्रह धरणे हेही स्वयंसेवकाचेच काम.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सुरू केलेली ‘आपदा मित्र’ योजना पुढे ३५० जिल्ह्यांत, एक लाख स्वयंसेवकांपर्यंत नेण्यात आली. प्रशिक्षण १२ दिवसांचे. सोबत साहित्याची पिशवी आणि विमा. योजना चांगली आहे. पण प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि हात विसरतात. पुनरुज्जीवनाचे कौशल्य सरावाशिवाय तीन ते सहा महिन्यांत उतरणीला लागते, हे वेगवेगळ्या देशांत दिसून आले आहे. डॉक्टर-परिचारिकाही त्याला अपवाद नाहीत. पुतळ्यावर तासभर सराव, वर्षातून दोनदा, एवढे तरी हवे.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षणात क्वचितच येते. प्रयत्न करूनही माणूस गेला, तर ज्याने श्वास दिला त्याला रात्री झोप लागत नाही. तो पाण्याजवळ जायचे टाळतो, चिडचिड करतो, कधी बाटलीकडे वळतो. गावात त्याला ‘तुझा हात उशिरा पोचला’ असे कोणीतरी ऐकवतेच. अशा प्रसंगानंतर दोन-तीन दिवसांत पथकाने एकत्र बसावे, काय घडले ते क्रमाने बोलावे आणि महिनाभरानंतरही त्रास थांबत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्या तरुणाला कोणीतरी सोबत घेऊन जावे. एकटा तो जाणार नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पावसाळ्यात जलक्रीडाही बंद. होड्या वाळूवर, माणसे मोकळी. सराव घ्यायला देवबागात याहून सोयीचे दिवस नाहीत.