विमान जमिनीला टेकलं तरी धोका संपत नाही! उतरताना ते धावपट्टीबाहेर का जातं?

14 सप्टेंबर 2023. मुंबईत धो धो पाऊस सुरू होता, दृश्यमानता जेमतेम 700 मीटर. विशाखापट्टणमहून आलेलं एक लिअरजेट 45 उतरताना धावपट्टीवरून बाजूला गेलं आणि मोडलं. आतले आठही जण वाचले, हे नशीबच.

प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात. पण विमान जितकं हलकं, तितकं ते उतरल्यावर सरळ ठेवणं अवघड.

हवेत नाक सरळ ठेवतं ते रडर, म्हणजे शेपटीवरचं हलणारं उभं पातं. त्यावरून हवा जोरात वाहते तोवरच ते काम करतं. जमिनीवर वेग उतरला की रडर दुबळं होतं. खरं तर आता चाकांनी ताबा घ्यायला हवा, पण पंखांनी अजून थोडं वजन उचलून धरलेलं असतं, त्यामुळे चाकांची पकडही कच्चीच. या मधल्या काही सेकंदांत बाजूचा वारा आला की तो शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. सेस्ना 172 हे शिकाऊ वैमानिकांचं लाडकं विमान चाचणीत 15 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 28 किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलेलं आहे. आपल्याकडे वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा याहून सहज जास्त असतो!

जुन्या विमानांत ही डोकेदुखी मोठी होती. जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ याच जातीचं. मुख्य चाकं पुढे, वजन मागे आणि शेपटीखाली छोटासा आधार. परभणीतल्या वालूरच्या ट्रॅक्टरवाल्याला हे लगेच कळेल: ट्रॉली रिव्हर्स घेताना जरा तिरकी झाली की आणखी तिरकी होत जाते. विमानाचंही तसंच, ते जागीच गर्रकन फिरतं. याला 'ग्राउंड लूप' म्हणतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे ते पुढे ओढलेल्या ट्रॉलीसारखं आपोआप सरळ व्हायला बघतं.

तरी नवशिक्यांची चूक ठरलेली. नाक वळलं की घाबरून उलट बाजूचं पेडल दाबायचं, मग ते दुसरीकडे जातं. पेडलच्या वरच्या भागात ब्रेक असतो, घाईत एकाच बाजूचा ब्रेक लागला तर संपलंच. म्हणून शिकवतात ते असं: पाय सतत हलके हलवत राहायचे, विमान चाकं टेकण्याआधीच सरळ करायचं, आणि ते जमत नाहीये असं वाटलं तर वेळीच इंजिनाला पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जायचं.